भिंतीकडे तोंड केलेले अण्णा

दत्तोबाअण्णा बायकांना पोटाचा बिंदू दाबायला शिकवत, तेव्हा स्वतः भिंतीकडे तोंड करून बसत. जयनगरात एका अंगणाभोवती आमची सात बिऱ्हाडं होती. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ते एकटे राहत. जन्मभर शिंपीकाम केलं, नजर अधू झाल्यावर मशीन विकलं आणि कुठल्याशा वर्गाला जाऊन ॲक्युप्रेशर शिकून आले.

माझं पोट सदा फुगलेलं असे. मला सांगायची लाज वाटे. शेवटी सासूबाईंनीच मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. अण्णा लगेच पाठमोरे झाले आणि खांद्यावरून एक दोरा मागे दिला.

"भागू, एक टोक बेंबीवर धर. दुसरं छातीचं हाड संपतं तिथं. आता दोरा दुमड. मध्य येतो तीच जागा."

"सरळ इंचात सांगा की अण्णा," सासूबाई म्हणाल्या.

"अक्का, दुसरीच्या मापाचा ब्लाउज घालता काय तुम्ही?"

मी दाबलं. अण्णा भिंतीला म्हणाले, "श्वास अडला तुझा. स्वल्प हलकं. पोट आहे ते, कणीक नव्हे."

महिनाभरात मला बरं वाटलं. अण्णा श्रेय बिंदूला देत. त्यांनी माझी रोजची बोंडा-भजी बंद केली होती, त्याचाही हात असावा. पण ते मी कधी बोलले नाही.

त्यांचे नियम सगळ्या अंगणाला पाठ होते. जेवल्यावर दोन तास दाबायचं नाही. पोटुशीनं दाबायचंच नाही. ताप, उलटी असली किंवा पोट टणक झालं, तर हात काढायचा आणि डॉक्टर गाठायचा. कुणी म्हणे, "अण्णा, तुम्ही तर सुईवाले. सुईच टोचा की!" ते म्हणत, "मी कापड टोचलं. माणूस टोचायला वेगळं शिकावं लागतं."

एका दुपारी अंगणात मी एकटीच होते. अण्णांच्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. जाऊन पाहते तर अण्णा गादीवर, सदरा वर केलेला, आणि बोटं बिंदूवर. मी चटकन भिंतीकडे वळले.

"अण्णा, ताप आहे?"

"नाही."

"उलटी?"

"एकदा... दोनदा."

"पोट कसं लागतंय?"

त्यांचा श्वास तुकड्यातुकड्यानं येत होता. मी लाज सोडली, वळले, हात लावून पाहिला. पोट पाटासारखं कडक होतं.

"हात काढा अण्णा."

"थांब गं, आत्ता उतरेल."

"हात काढा म्हणते ना!"

इतक्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नव्हते. रस्त्यावरचा ऑटोवाला आत धावत आला. त्याच्याच ऑटोतून अण्णांना दवाखान्यात नेलं. पोटात आतून भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

घरी आल्यावर अण्णांच्या दोन तक्रारी. पहिली, "तू वळून पाहिलंस!" दुसरी, "टाके बघ कसे घातलेत. शिकाऊ हात. माझ्या दुकानात उसवायला लावले असते."

टाके नेमके दोऱ्याच्या मधल्या जागेवरून गेले होते. पण पुढं त्यांचा पहिला धडा बदलला. "आधी हात काढायला शिका," ते सांगत, "दाबायचं मग बघू."

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. माझा दोरा कुंकवाच्या डबीत आहे. आता बायका मला विचारायला येतात, तेव्हा मीही भिंतीकडे तोंड करून बसते. त्या हसतात, "भागूअक्का, तुम्ही तर बाईच!"

खरंच, मला वळायचं कारण नाही. पण भिंतीकडे पाहिलं की श्वास नीट ऐकू येतो.