हॉर्नचा फ्यूज वेगळा

बहिणीचं लग्न आठवड्यावर आलं आणि माझ्या गाडीतला टेप नेमका तेव्हाच बंद पडायला लागला. नव्वद सालानंतरची गोष्ट. पनवेलात माझी एक सेकंडहँड पांढरी गाडी तेव्हा भाड्याने फिरायची. तिच्यात मी हौसेने टेप बसवला होता, आणि आवाज घुमावा म्हणून पुढच्या सीटखाली बूस्टरही. वायरिंग सगळं माझं स्वतःचं. त्याचा मला कोण गर्व!

टेपवाचून लग्न अडत नाही, हे मलाही कळत होतं. पण बहिणीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. म्हणाली, "दादा, सासरी सोडायला गाडी तूच चालव. आणि टेप मोठ्याने लाव. मी रडणार, मला माहितीये. पण ते कोणाला ऐकू जायला नको."

"एवढंच ना? लावतो," म्हटलं.

गाडी खड्ड्यात आपटली की टेप गप्प व्हायचा. त्याच्याबरोबर हॉर्नही, कारण दोन्ही मी एकाच फ्यूजवर घेतले होते. नवा फ्यूज टाकायचा, नाक्यापर्यंत जायचं, फुस्स! तीन फ्यूज गेल्यावर माझं डोकं सटकलं. मग आमच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर जे करायचे तेच मी केलं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, जळक्या फ्यूजला गुंडाळली आणि दिली दाबून. टेप लागला की हो! दोन दिवस मी गावभर गाणी वाजवत हिंडलो. तिसऱ्या दिवशी गाडीत करपलेल्या रबराचा वास यायला लागला.

एसटी स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये एक चाचा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फ्यूजचं झाकण उघडलं आणि ती चांदी मेलेलं झुरळ उचलावं तशी दोन बोटांत धरून बाहेर काढली.

"हे कोणी केलं?"

"सगळेच करतात हो चाचा."

"मग सगळेच माझ्याकडे येतील. नाहीतर बंबवाल्यांकडे जातील." गाडीची किल्ली त्यांनी सरळ स्वतःच्या खिशात टाकली. "उद्या या."

मी भडकलोच. "उद्या हळद आहे घरात! नवा फ्यूज टाका आणि गाडी द्या. मला शिकवू नका."

चाचा चष्मा पुसत म्हणाले, "शेठ, फ्यूज बिचारा तुमच्या गाडीसाठी मेला. कशाने मेला, एवढं तरी विचाराल की नाही? लगेच दुसऱ्याला कशाला मरायला उभा करता?"

मी चडफडत तिथेच बाकड्यावर बसलो, आणि बरं झालं बसलो, कारण पुढचा तासभर जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. चाचांनी नवा फ्यूज लावलाच नाही. त्या जागी दोन वायरींनी हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडला. बल्ब भक्कन पेटला. "हा पेटलाय तोवर गाडीत कुठेतरी वायर उघडी पडून पत्र्याला टेकलीय. विझला की जागा सापडली." इतकं सोपं! एकही फ्यूज न जाळता. मग डॉक्टर पोट तपासतात तसे ते एकेक वायर हलकेच दाबत निघाले. डॅशबोर्डखाली काही नाही. दाराशी काही नाही. त्यांनी पुढची सीट मागे सरकवली आणि बल्ब विझला. पुढे घेतली, पेटला.

"बघा."

मी वाकून पाहिलं. माझीच बूस्टरची वायर सीटच्या पट्टीत चेंगरली होती. चांदीमुळे फ्यूज उडत नव्हता, म्हणून ती वायर तापून तापून वितळत गेली होती आणि पुढच्या सीटच्या मागे गालिचाला काळं भोक पडलं होतं. बहिणीचे पाय तिथेच येणार होते.

चाचांनी सगळं नव्याने ओढलं. प्रत्येक जोड सोल्डरचा डाग देऊन पक्का केला, वायरी दोऱ्याने अशा बांधल्या की बघत राहावं. हॉर्न, लाइट, टेप, सगळ्यांना वेगवेगळा फ्यूज दिला. "एकाच्या घरात आग लागली तर शेजाऱ्याने का मरायचं?" म्हणाले. असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही.

लग्न लागलं. तिन्हीसांजेला नेऱ्याकडच्या तिच्या सासरी निघालो. मागे नवरा-नवरी, पुढे माझ्याशेजारी नवऱ्याचा मित्र. टेप जोरात. पनवेल मागे पडलं न पडलं तोच फट्! सगळं गप्प. गाडी सजवताना या मित्राने मागच्या काचेवर दिव्यांची माळ लावली होती आणि मला न विचारता टेपच्याच वायरीला जोडली होती. चाचांनी दिलेला जास्तीचा फ्यूज घरी राहिलेल्या शर्टाच्या खिशात. धन्य माझी!

त्या शांततेत मागून पहिला हुंदका आला.

मित्राने सिगारेटचं पाकीट काढलं. "चांदी हाय ना दादा! लावा, काय नाय होत."

खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे झाला होता. तिला शब्द दिला होता मी. पण डोळ्यांसमोर ते काळं भोक आलं. "ती चांदी खिशात घाल आणि गप बस!" मी खेकसलो.

दुसरा हुंदका आला. मला काही सुचेना, आणि मी हॉर्न दाबला. वाजला! चाचांनी त्याला वेगळा फ्यूज दिला होता ना.

"दादा, समोर कोण नाय हाय," मित्र म्हणाला.

"दिसतंय मला."

मग ती हुंदका देई आणि मी हॉर्न देई. शेतातली माणसं उभी राहून बघत होती. नेरे जवळ आलं तशी ती रडता रडता हसायलाच लागली. "दादा, पुरे आता. नाही रडत मी."

मी हॉर्नवरचा हात काढला नाही. आता मी रडत होतो.