मडक्यातली बाहुली

लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या वर्षी सिद्धगडाखालच्या आमच्या ओढ्यावर वाडीवरची एक बाई रोज दिसायची. नाव कोणी विचारलं नाही. पाण्याने भरलेल्या मोठ्या मडक्यात दोन्ही हात घालून, डोळे मिटून, ती आत काहीतरी फिरवत पुटपुटायची. नवरा जिवंत असून हातात काकणं नव्हती, म्हणून बाया तिला भुताळीण म्हणत.

मी गरोदर होते. एकदा विचारलंच, "काय करतेस गो?"

तिने चिंध्यांची बाहुली वर काढली. "माजी पोर आडवी आली नि गेली. सुईणीला वळवता नाय आली. मी शिकतेय. आत काकण फुटलं तर बाईला लागंल, म्हणून काढलीत."

पुढे माझंही मूल आडवं आलं. सासू म्हणाली, "ती अवदसा घरात नको."

मी ओरडले, "तिला आणा, नायतर माझी लाकडं आणा."

ती आली. डोळे मिटूनच तिने मूल वळवलं. मुलगी झाली, जगली.

सासूने लुगडं पुढे केलं. ती म्हणाली, "लुगडं नको. बाळंतपणात कोण मेली, तर मसणात न्यायच्या आधी मला बोलवा. आत हात घालून अजून शिकायचं हाय."

सासू मागे सरली. मी हो म्हटलं.