नादुरुस्त माइक

घणसोलीची ती घटना पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझ्या डोक्यातून जात नाही. भीमगीतं गाणाऱ्या एका कलाकाराचा घरातल्याच छोट्या स्टुडिओत डोक्यात घाव घालून खून झाला होता. रेकॉर्डिंगचा महागडा कंडेन्सर माइक गायब होता. स्टुडिओची दुसरी चावी रेकॉर्डिस्टकडे होती आणि आदल्याच दिवशी दोघांचं वाजलं होतं. मला एवढं पुरेसं वाटलं.

रेकॉर्डिस्ट मूळचा नांदेडकडचा, तिशीतला, हळू बोलणारा. हळू बोलणारा काहीतरी लपवतो, असा तेव्हा माझा ठाम समज होता. अटक न दाखवता त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. "मी नाही मारलं साहेब, ते मला भावासारखे होते," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. एकदा नाही, तीनदा. आमच्याकडे याला कोणी मारहाण म्हणतच नसे.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याच्या टीपवरून तळवलीतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माइक मिळाला. दुकानदार पार घाबरला होता. "साहेब, तोंडाला रुमाल बांधलेला मानूस आला होता. बोलला, बंद हाय, भंगारात घे. मी पन अँप्लिफायरला लावून बघितला, आवाजच नाय." हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं, 'एक माइक, नादुरुस्त'.

ओळख पटवायला तो रेकॉर्डिस्टपुढे ठेवला. पंचनाम्यातला शब्द ऐकून त्याने मान वर केली.

"नादुरुस्त नाही साहेब. ह्या माइकला बाहेरून करंट द्यावा लागतो, स्टुडिओतल्या मिक्सरवर त्याचं बटन असतंय. साध्या अँप्लिफायरवर तो बोलतच नाही."

चालू माइक बंद समजून भंगारात देणारा माणूस हा स्वतः किंवा याने पाठवलेला कोणी असणं शक्य नव्हतं. दुकानासमोरच्या सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज मी तेव्हा कुठे मागवलं. त्यात रुमाल सोडून तोंड पुसताना मयताचा मेहुणा दिसला. तासाभरात त्याने कबुली दिली. दारू पिऊन येतो म्हणून मयताने घराबाहेर काढल्याचा राग होता, आणि माइकही त्याने दारूसाठीच विकला होता.

रेकॉर्डिस्टला सोडताना मी म्हणालो, "झालं गेलं विसरून जा."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्याने डावा कान पुढे केला. "साहेब, ह्या बाजूनं बोला. उजव्यात कालपासून नुसती शिट्टी वाजायलीय, ऐकूच येईना."

त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. पुढे त्याने रेकॉर्डिंगचं काम सोडलं. खारघरला एका सोसायटीच्या गेटवर तो वॉचमन आहे, असं कळलं. भेटायला जायची माझी हिंमत झालेली नाही.

तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. तो माणूस दोन दिवस खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही, याची मला लाज वाटते. त्या तीन थपडांची नोंद स्टेशन डायरीत नाही, म्हणून ती इथे करतो आहे.