पुष्पाआत्याचा रांजण

पुष्पाआत्याला शेजारच्या आसराबाईचा राग आला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाली असती. पण तिला राग नव्हता, तिला आसराबाईचं पाणी बघवत नव्हतं.

कुंभार पिंपळगावात, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत्याचं घर आहे. ओट्यावर मोठा रांजण, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडवा. बाजारच्या दिवशी वस्त्यांवरून येणारी माणसं पिशव्या ओट्यावर टेकवायची, गडवा बुडवून वरून घटाघटा पाणी प्यायची आणि "पुष्पाबाई, पाणी लई ग्वाड" म्हणून पुढे जायची. सासूनं हाती दिलेलं हे काम आत्या पस्तीस वर्षं करत होती. तिला शाळा नाही, भजनात गळा नाही, भाजीला चव बेताचीच. हे सगळं ती स्वतःच सांगायची. गावात तिचं जे काही नाव होतं ते या रांजणाचं होतं.

मागच्या अंगणातला आड आटला आणि दोन वर्षांपूर्वी घरात नळ आला. पाणी चौथ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, तासभर यायचं. आत्यानं नळाला हळदकुंकू वाहिलं आणि रांजण भरला. पुढच्या बाजाराला वस्तीवरच्या संपतनं एक घोट घेतला तो तसाच नालीत थुंकला.

"आक्का, यात काय मेलंय का?"

"तुझ्या तोंडाला वास आसंल, संपत."

"माझ्या तोंडाला तंबाखूचा हाय. ह्यो सडक्या अंड्याचा हाय." असं म्हणून तो सरळ पलीकडच्या पत्र्याच्या घरापाशी गेला. तिथं आसराबाईचा स्टीलचा हंडा दारात होता. तो दोन गिलास प्यायला आणि आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्याला म्हंत्यात पाणी!"

आसराबाई आणि तिचा नवरा म्हस्कू यांच्या दहा-बारा शेळ्या. नळ त्यांचाही त्याच दिवशी बसलेला, त्याच पाइपावरून. मग तिचं पाणी गोड आणि माझं घाण, हे कसं? आत्याच्या डोक्यात हे घुसलं ते निघेना.

तिनं तुरटी फिरवली. पाणी नितळ झालं, वास तसाच. कापडात बांधून कोळसा सोडला. तुळस टाकली. शेवटी बाजारातून वाळ्याची जुडी आणली, तर वाळ्याच्या वासाखालून तोच वास जास्तच उघडा पडला. गावात पाणी सोडणाऱ्या भुजंगला तिनं रस्त्यात अडवलं.

"तिच्या नळाला येगळं पाणी सोडतो का रं?"

"आक्का, एक टाकी, एक पाइप. येगळं कुठून आणू?"

"मंग तिनं काय खाऊ घातलं तुला?"

भुजंग हात जोडून सायकलवर बसला.

त्यानंतर बाजारच्या दिवशी आत्या खिडकीत बसून आसराबाईच्या दारात थांबणारी माणसं मोजायला लागली. संध्याकाळी आकडा मामांना, म्हणजे तिच्या मालकांना सांगायची. "आज चव्वेचाळीस. आपल्याकडं दोन, त्यातला एक येडा." पुंजाराममामा मान हलवायचे. एक दिवस ते बाहेरून आले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"मिशा काऊन वल्ल्या?"

"तोंड धुतलं."

"कुठं?"

मामांनी उपरण्यानं मिशा पुसल्या. आत्यानं त्या दिवशी चुलीवरची भाकर करपू दिली आणि तीच त्यांना वाढली.

मग तिनं मला फोन केला. मी जालन्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तोवर माझी नोकरी म्हणजे 'बाटल्या धुणं' असं तिचं मत होतं. "हरिओम, तुझी मशीन घेऊन ये. तिचं पाणी आन माझं पाणी बराबर तपास. कागदावर लिहून दे मला."

मी पाण्याच्या दिवशी साडेआठच्या सुमारास गेलो. नियमाप्रमाणे दोन्ही घरचे नळ आधी चांगले वाहू दिले, तोट्या पुसल्या, बाटल्या भरल्या. आठवड्यानं निकाल आला. दोन्ही पाणी एकसारखं, पिण्यास योग्य. मी कागद घेऊन पुन्हा गावी गेलो आणि कौतुकानं तिच्यासमोर वाचला.

"म्हंजी मी खोटी?"

"तसं नाही आत्या."

"संपत खोटा? तुझ्या मामाच्या वल्ल्या मिशा खोट्या? ज्या मशिनीला नाक न्हाई तिनं वासाचं काय सांगावं!"

तिचं म्हणणं मला लागलं, कारण रांजणाचं झाकण काढल्यावर वास मलाही येत होता. मी मुक्काम वाढवला. पुढच्या पाण्याच्या दिवशी आठच्या आधीच ओट्यावर जाऊन बसलो.

आत्या न्हाऊन, ओल्या केसांनी नळाखाली तांब्याची घागर लावून उभी होती. तोटी आधीच उघडी. आधी नळ फुसफुसला, मग तांबूस धार आली, मग पांढरी. घागर भरली. ती देवापुढे गेली. लगेच रांजणाच्या कळशा सुरू झाल्या. रांजण भरल्यावर धुण्याची टाकी, आणि शेवटी न्हाणीतलं पाणी.

"देवाला आणि प्यायला पहिलं पाणी का?"

"उष्टं न्हाई, कुणी हात लावलेला न्हाई. पयलं पाणी देवाचं आन पाव्हण्याचं. आडावर बी मी समद्यायच्या आधी जायची."

मी दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं. तिकडे शेळ्या ओरडून राह्यल्या होत्या. आसराबाईनं नळाखाली काहीच लावलं नव्हतं. एक रबरी नळी सरळ अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये सोडली होती. शेळ्यांना दम नव्हता, म्हणून पहिलं पाणी शेळ्यांना. मग धुण्याला. पिण्याचा हंडा सगळ्यात शेवटी.

मला माझीच लाज वाटली. तपासणीला आलो तेव्हा मीही नळ आधी वाहू दिला होता. जे शोधायचं तेच नालीत सोडून बाटली भरली होती. मी आत्याला समजावलं. दोन्ही घरं पाइपाच्या शेवटच्या टोकाला. तीन दिवस पाणी पाइपात नुसतं पडून राहतं, लोखंडाची चव घेतं, कुजतं. नळ आला की आधी तेच बाहेर पडतं. आडाला पहिलं पाणी चांगलं असतं, नळाला पहिलंच वाईट.

मामा आतून म्हणाले, "म्हंजी देव दोन वरसं सडकं पाणी पिऊन राह्यला. बिचारा एका शब्दानं बोलला न्हाई."

आत्यानं ते ऐकलंच नाही. ती भिंतीकडे बघत होती. "म्हंजी तिच्यात काई गुण न्हाई. शेळ्यायचा गुण हाय."

"दहा मिनिटं पाणी जाऊ दे, मग घागर भर. फक्त नालीत घालू नकोस, कशाला तरी वापर."

"वापरते की," ती म्हणाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं लांब नळी आणवली, भिंतीवरून पलीकडे सोडली आणि हाक मारली, "आसराबाई, आजपासून तुझ्या शेळ्यायचं पाणी माझ्याकडं. माझ्या नळाची पयली धा मिन्टं त्यायचीच. तुला कशाला तरास?"

आसराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, लई उपकार झाले! सख्खी भन बी करत न्हाई एवढं."

मी खूश होऊन जालन्याला परतलो. वाया जाणारं पाणी कामी आलं, शेजार जुळला. प्रयोगशाळेत दोघांना ही गोष्ट सांगितलीही.

पण शेळ्यांचा ड्रम आत्याच्या नळीनं भरायला लागल्यावर आसराबाईनं आपल्या नळाखाली काय लावावं? तिनं हंडा लावला.

त्या बाजाराला संपत तिच्या दारात थुंकला. वळून, दबकत, आत्याच्या रांजणापाशी आला, घोट घेतला, अजून घेतला. दुपारपर्यंत गडव्याला उसंत नव्हती. संध्याकाळी मला फोन आला. "बावन्न. तिच्याकडं एक बी न्हाई!"

"आत्या, तुला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक न्हवतं कसं म्हनू? तू सांगितलं तवाच पयला इचार त्योच आला." आणि वर म्हणाली, "शेळ्यायला तर पाणी दिलंच की मी."

तिचं सुख एकच बाजार टिकलं. पुढच्या बाजाराला मी गावातच होतो. आसराबाई सकाळीच तांब्या घेऊन आली. "आक्का, माझ्या नळाला काय झालं काय म्हाईत. तुमचंच पाणी पिते आता." पाणी पिऊन ती ओट्यावर टेकली. रस्त्यानं जाणारा दिसला की तिच्याच्यानं गप्प बसवेना. "या बाबा, बसा, पाणी प्या. उन्हाचं आलात. लेकरू कसं हाय आता? गुडघा दुखायचा राह्यला का?" स्वतः गडवा भरून हातात द्यायची. माणसं पाणी प्यायची, दोन घटका बोलायची, आणि उठताना म्हणायची, "आसराबाई, बरं वाटलं."

रांजण आत्याचा, पाणी आत्याचं, आणि बरं वाटत होतं आसराबाईमुळे. आत्या दारात उभी होती. पस्तीस वर्षांत तिनं कुणाचा गुडघा विचारला नव्हता. मी तिचा चेहरा बघत होतो. इतके दिवस निदान मध्ये भिंत होती.

संपत आला. पाणी पिऊन म्हणाला, "आसराबाई, तुमच्या हाताला येगळीच चव हाय."

आत्या ओट्यावर आली, त्याच्या हातातून गडवा घेतला.

"आसरे, ऊठ."

"काय झालं आक्का?"

"तुझ्या नळाला काई झालं न्हाई. मी तुझ्या शेळ्यायचं पाणी भरते, मंग तू पयली धार हंड्यात घेती. ती घाण हाय. धा मिन्टं जाऊ दे, मंग हंडा लाव. आधी तुझं बराबरच होतं. मीच बिघडवलं."

संपत एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. आसराबाई हळूहळू उठली. रागावेल असं मला वाटलं. तिनं तांब्या उचलला, पदर सारखा केला.

"तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"आन तरी आज सांगितलं?" तिनं आत्याचा हात धरला. "मन मोठं हाय आक्का तुमचं."

"मोठं-बिठं काई न्हाई," आत्या ओरडली. "तुझ्या घरी जा. तुझ्या दारात बसून काय बोलायचं ते बोल लोकायला. जल्दी जा!"

आसराबाई गेली. आत्यानं गडवा रांजणात बुडवून संपतसमोर धरला. तो म्हणाला, आत्ताच प्यालो. तरी तिनं हात मागे घेतला नाही. मग अवघडून, रस्त्याकडे बघत, तिनं विचारलं,

"तुझी म्हैस... व्याली का रं?"