जीरंड, पार्टिसिपल आणि मालगाडी

माझं लग्न इंग्रजी व्याकरणात अडकलं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आम्ही कुसगावचे. मुलगी तळेगावची, आणि तिचे वडील इंग्रजीचे मास्तर. त्यांचा निरोप आला, "मुलाला जीरंड आणि पार्टिसिपल यांतला फरक सांगता आला, तरच पुढची बोलणी!" (आमच्या आबांना वाटलं, दोन्ही दागिने असावेत.) मुलगी मी तळेगावच्या बाजारात आधीच पाहिली होती. मला तीच हवी होती, दुसरी कुणीच नको!

माझा चुलतभाऊ दादा लोणावळ्याला असिस्टंट स्टेशनमास्तर. त्यानं शिकवणी घेतली.

"लय सोपं हाय. ग्रेझिंग बफेलो. म्हैस सोता चरती का?"

"व्हय."

"पार्टिसिपल! ड्रिंकिंग वॉटर. पाणी सोता पितं का?"

"न्हाई."

"मग जीरंड!"

घरी असताना मला समजलं. तळेगाव येईपर्यंत डोक्यातनं सगळं उडालं! शेवटी ठरलं, दादानं मास्तरांच्या पाठीमागं बसायचं. हात वर केला की पार्टिसिपल, गुडघ्यावर ठेवला की जीरंड.

मास्तरांचं घर रुळांना लागूनच. दादा "हितं वारा बरा लागतो" म्हणत मागच्या खिडकीशी बसला. पहिला प्रश्न आला, दादाचा हात वर गेला, मी म्हणालो, "पार्टिसिपल!" मास्तर खूश झाले.

"आता सांगा, ड्रिंकिंग वॉटर?"

दादाचा हात गुडघ्यावर. मी तोंड उघडतो न उघडतो, तोच मालगाडी धडधडत आली. आता, न थांबणारी गाडी दिसली की उभं राहून शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात दाखवायचा, ही दादाची नोकरी. ती अंगात इतकी भिनलेली, की तो ताडकन उठला आणि त्यानं हात वर केला!

"पार्टिसिपल!" मी ओरडलो.

"म्हणजे पाणी स्वतः पितं?"

मी दादाकडे पाहिलं. गाडी संपेना, हात खाली येईना.

"हो. पितं!"

"पाणी? पितं?"

"पीत आसंल की," आबा मदतीला धावले. "पोरगं शिकल्यालं हाय, खोटं कशाला बोलंल?"

मास्तर सावकाश मागं वळले. दादा खिडकीबाहेर बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "ऑल राईट!" मग खाली बसला, आणि तेव्हा कुठं त्याला मास्तर दिसले.

"त्ये... गाडी बिगरथांब्याची व्हती, मास्तर."

सगळं संपलं, असं वाटून मी उठायला लागलो. एवढ्यात आतल्या दाराच्या फटीतून सगळं बघणारं कुणीतरी खुदकन हसलं. मुलीची आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

"अहो, मुलीला स्थळ पसंत आहे."

"अगं, याचं पाणी पाणी पितं!"

"पिऊ दे. ती म्हणते, हात दाखवला की इतकं मुकाट ऐकणारा नवरा पुन्हा मिळायचा नाही!"

लग्न थाटात झालं. जीरंड मला अजून येत नाही. पण कुणी काहीही विचारलं, तरी मी आधी बायकोचा हात वर आहे की खाली ते बघतो, आणि मगच तोंड उघडतो!