सोन्याची वाट

पाटकरबाई स्वतःच्या घरात शिरतानाही आधी कडी वाजवायच्या. आत कोणी नसे. सिल्वासाच्या त्या वसाहतीत मी शेजारी राहायला आले, तेव्हा न राहवून एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "हे असतात ना आत. एकदम गेलं की दचकतात." 'हे' जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

बाई मूळच्या देवगडच्या, मी शिक्षिका होते त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. यजमान मसाटच्या एका कारखान्यात सुपरवायझर. माणूस अतिशय बोलका. कामावरून आले की जेवण होईपर्यंत बाईंना दिवसभराच्या गोष्टी सांगत. त्यांच्या जिभेला गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. अर्धी जीभ काढावी लागणार होती.

त्याच दिवसांत बाईंनी त्यांना सोन्याच्या कणांविषयी सांगितलं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण रक्तात सोडायचे, ते गाठीत जाऊन साठतात. मग बाहेरून विशिष्ट प्रकाश टाकायचा. कण तापतात आणि कॅन्सरच्या पेशी जागच्या जागी मरतात. शेजारच्या निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. बाई समजावून सांगायच्याही सुरेख. यजमान रोज तेच पुन्हा सांगायला लावत.

"थांबूया गो," ते म्हणत, "तुझं सोनं येईल."

हे सगळं अजून प्रयोगातच आहे, असं बाईंनी एकदा सांगून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा पुन्हा काही बोलल्या नाहीत. ऑपरेशन पुढे पुढे जात राहिलं. गाठ मानेत उतरली आणि मग डॉक्टरांनीच हात टेकले.

"अजून विचारतात, सोनं आलं का म्हणून," बाई भाजी निवडता निवडता अगदी साध्या आवाजात सांगायच्या. मला त्यांच्याकडे बसायची भीती वाटे, तरी मी जात असे.

एकदा सुनीता नावाची धुळ्याकडची बाई त्यांना शोधत आली. तिचा नवरा मसाटला धाग्याच्या कारखान्यात होता; तिथेच बाईंच्या यजमानांची गोष्ट तिच्या कानावर आली होती. त्यालाही जिभेचाच कॅन्सर. त्यानं मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं आणि तो ऑपरेशनला तयार नव्हता. "मॅडम, तो सोन्याचा इलाज कुठे भेटतो?" तिनं विचारलं.

बाई उठल्या. मग चपला घालून तिच्याबरोबर निघाल्या, मीही गेले. सुनीताच्या खोलीत बाई तिच्या नवऱ्यासमोर बसल्या.

"इलाज खरा आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण तो अजून तुमच्या-आमच्यापर्यंत पोचलेला नाही. आज जे हातात आहे ते करून घ्या. माझे यजमान वाट बघत राहिले, आणि गेले."

त्याचं ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी दोघं बाईंना भेटायला आली. तो जडपणे, अडखळत बोलत होता; लेकीच्या शाळेचं, गावाकडच्या कपाशीचं. बाई पुढे वाकून ऐकत होत्या.

ती दोघं गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"त्याचं सगळं बोलणं मला कळलं," त्या म्हणाल्या. "जीभ कापल्यावर ह्यांचं कळणार नाही, अशी धास्ती घेतली होती मी. म्हणून गप्प बसले."