पहिलं बटण

नवा कॉम्प्युटर जोडून झाला की खटकासर त्याचं बटण कधीच स्वतः दाबायचे नाहीत. सगळे भाग गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या डोळ्यांदेखत डब्यांतून काढून जोडायची त्यांची पद्धत. शेवटचा स्क्रू बसला की रुमालाला हात पुसत मागं सरायचे आणि घरातल्या कुणाला तरी पुढं करायचे. "लेकराचं तोंड आधी घरच्यांनी बघायचं असतं," असं वर म्हणायचे. एखादी आजी पदर सावरून पुढं यायची, दिवे लागायचे, पंखे फिरायचे आणि सरांच्या हातावर पेढा पडायचा.

शहरात टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत आम्हा दोघांचं दुकान होतं. मी विकायचो, ते जोडायचे. 'चालूच होत नाही' असा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मागचा खटका बघितला का?" कॉम्प्युटरच्या पाठीला एक बारीक खटका असतो. तो बंद राहिला तर पुढचं बटण कितीही दाबा, मशीन ढिम्म. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गार व्हायची. फोन ठेवून सर मला डोळा मारायचे, "खटकाच दिसंना व्हय यांना!" त्यावरूनच हे नाव पडलं. स्वतः इंजिनिअर असल्याचं सांगायची एक संधी सोडायचे नाहीत. पिशोरच्या बौद्ध वस्तीतून शिकून शहरात आलो, हे तर छाती फुगवून सांगायचे.

बटणाची ती रीत मात्र आधी नव्हती. ती सुरू झाली गंगापूरला, माझ्यासमोर.

तिथल्या एका बड्या बागायतदारानं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र काढलं होतं. सरांनी कॉम्प्युटर जोडला, घरच्यांनी पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. तेवढ्यात घरातल्या म्हाताऱ्यानं सरांना नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. सरांनी तिन्ही सांगितली आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"पहिलं बटण कुणालाबी दाबू देता व्हय?" म्हातारा पोराला म्हणाला. पोराला, पण सरांना ऐकू जाईल असं.

माझं डोकं फिरलं. मी भांडायला उठलो तर सरांनी माझा दंड धरला. "गप. मला काम करू दे." त्यांनी पुढची पट्टी काढली. ओल्या हळदीकुंकवाचा लगदा फटीत जाऊन बटण पुरतं दबतच नव्हतं. त्यांनी ते पुसलं, सुकवलं, म्हाताऱ्याला दाखवलंसुद्धा. म्हाताऱ्यानं तिकडं बघितलं नाही. स्वतः पुढं होऊन बटण दाबलं. दिवे लागले.

"बघा! घरचा हात लागला अन् झाला का नाय चालू!"

परतीच्या जीपमध्ये सर हसत म्हणाले, "आता आपण रीतच काढू. ज्याचं घर, त्यानंच दाबायचं." मला वाटलं, माणसानं अपमानाची थट्टा करून टाकली. तसं नव्हतं, हे मला माझ्याच घरी कळलं.

मागच्या वर्षी मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी ठरवलंच होतं, आमच्या घरचं बटण सरच दाबणार. आईलाही सगळं सांगून ठेवलं होतं. "तुम्ही जोडलाय, मान तुमचाच," ती म्हणाली. ते नको नको म्हणत राहिले. शेवटी मीच हाताला धरून पुढं आणलं. त्यांनी बटण दाबलं. मशीन ढिम्म.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. अख्ख्या गावाला जो प्रश्न विचारायचे, तोच ते विसरले. घाईघाईनं स्क्रू खोलायला लागले. "म्हणलं होतं ना मी काकू, मला नका दाबायला लावू." मी वाकून मागं बघितलं. वायर लावताना त्यांनीच खटका बंद ठेवला होता.

मी खटका चालू केला. "सर, आता दाबा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. आईनं विनवलं, मी चिडलो, पण ते हात पुढं आले नाहीत. शेवटी आईनं दाबलं. दिवे लागले, आणि सर इतके सुटल्यासारखे हसले की मला बघवेना.

"बघा काकू! घरचा हात लागला अन् झाला का नाय चालू!"

त्या म्हाताऱ्याला मी शिव्या देतो, अजूनही देतो. पण त्याचं वाक्य सरांच्या तोंडून ऐकलं, त्यावर द्यायला माझ्याकडं शिवीसुद्धा नाही.

दिवाळीनंतर सर पुण्याला नोकरीला गेले. आता जोडायचं कामही मीच करतो. जुनी गिऱ्हाइकं कौतुकानं विचारतात, "पहिलं बटण आम्हीच दाबायचं ना?" मी नाही म्हणतो. ज्यानं जोडलं, त्यानं दाबायचं. त्यांना वाईट वाटतं. वाटू दे.